राज्यशास्त्राची पदवी, कर्ज आणि पगार : खान्देशातल्या घरासाठी सात वर्षांचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला किंवा मुलीला राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करायचं आहे, पुढे एमपीएससी नाहीतर यूपीएससी. मग कर्ज काढायचं का? काढलं तर फिटेल का?

विषय चांगला की वाईट, या वादातून याचं उत्तर मिळत नाही. कर्ज कोणत्या टप्प्यावर, कुणाकडून आणि कोणत्या पगाराच्या भरवशावर काढता, यावर ते ठरतं. खान्देशात राहून अनुदानित महाविद्यालयात बी.ए. केलं तर त्या तीन वर्षांनी सहसा घर बुडत नाही. घर अडचणीत येतं ते त्यानंतर, पुण्यातल्या कॉट-मेस-क्लासच्या वर्षांत. तेव्हाचं कर्ज बँकेचं शैक्षणिक कर्ज नसतं. सोनं गहाण पडतं, पतसंस्थेतून उचल होते, नाहीतर सावकाराकडे जावं लागतं. म्हणून हिशेब तीन वर्षांचा मांडू नका. पदवीची ३ आणि पुढची ४, असा ७ वर्षांचा मांडा.

एक वही घ्या आणि आई-वडील व मुलगा-मुलगी एकत्र बसा. खाली जिथे ‘धरा’ असं म्हटलं आहे ते आकडे नमुन्याचे आहेत. तिथे आपल्या घरचे आकडे घाला, पद्धत तीच ठेवा.

पायरी १ : वाट निवडण्याआधी चारही वाटांचा खर्च लिहा

पहिली वाट घरून ये-जा करण्याची. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयं तालुक्याच्या गावीही आहेत. अनुदानित तुकडीत बी.ए.ची फी वर्षाला काही हजारांत बसते. एसटीच्या विद्यार्थी पासात दोन तृतीयांश सवलत मिळते. फी, परीक्षा शुल्क, पास, पुस्तकं, मोबाइलचा डेटा मिळून वर्षाला २५,००० रुपये धरा. ३ वर्षांचे ७५,०००. प्रवेश घेताना तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे कार्यालयात विचारून घ्या. एकाच इमारतीत दोन्ही असतात आणि फीत मोठा फरक पडतो.

दुसरी वाट जळगाव किंवा धुळ्यात खोली घेऊन शिकण्याची. खोली आणि मेसचे महिना ६,००० रुपये, वर्षाचे १० महिने, म्हणजे ६०,०००. वर १५,००० इतर. ३ वर्षांचे सव्वादोन लाख.

तिसरी वाट पुण्यातल्या अनुदानित महाविद्यालयाची. राहणं-खाणं महिना १२,००० रुपये धरून १० महिन्यांचे १ लाख २० हजार, वर ३०,००० फी, पुस्तकं आणि जाण्या-येण्याचे. वर्षाला दीड लाख, ३ वर्षांचे साडेचार लाख. दिल्ली विद्यापीठाचा बी.ए. ऑनर्स याच वाटेवर येतो. तिथे फी आवाक्यात असते, पण प्रवेश सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो आणि राहण्याचा खर्च पुण्यापेक्षा वर जातो. वसतिगृह मिळालं तरच तो हिशेब जमतो.

चौथी वाट खासगी विद्यापीठातल्या चार वर्षांच्या लिबरल आर्ट्स पदवीची. फी, वसतिगृह धरून वर्षाला ५ लाख, एकूण २० लाख धरा. काही ठिकाणी याहून बरंच जास्त लागतं.

नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आल्यापासून चौथ्या वर्षाचाही प्रश्न येतो. तिसऱ्या वर्षाअखेर बाहेर पडलं तरी पूर्ण पदवी हातात येते, आणि एमपीएससी, यूपीएससी, तलाठी, बँक भरती यांना ती पुरते. चौथं ऑनर्सचं वर्ष पुढे एका वर्षाच्या एम.ए.साठी किंवा संशोधनासाठी कामाचं आहे. नुसतं ‘ऑनर्स चांगलं दिसतं’ म्हणून त्या वर्षासाठी कर्ज वाढवू नका.

आता यातून शिष्यवृत्ती वजा करा. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अनुसूचित जाती-जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न मर्यादा अडीच लाख. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, मर्यादा ८ लाख. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी अनुसूचित जातींना स्वाधार, अनुसूचित जमातींना स्वयम आणि इतर मागासवर्गीयांना सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात स्वाधार आणि स्वयममधून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. म्हणजे तिसऱ्या वाटेवरचा निम्मा राहण्याचा खर्च तिथेच निघतो. धडगाव, अक्कलकुवा, शहादा, साक्री, यावल, चोपडा भागातल्या आदिवासी विद्यार्थ्यांनी नंदुरबार, तळोदा, धुळे किंवा यावल यांपैकी आपल्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वसतिगृहाची चौकशी प्रवेशाआधीच करावी.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. शिष्यवृत्ती मंजूर होणं वेगळं आणि पैसे खात्यात येणं वेगळं. रक्कम अनेकदा वर्ष संपल्यावर येते. म्हणून एकूण खर्चातून ती वजा करा, पण पहिल्या वर्षाच्या रोख गरजेतून करू नका. आणि आधार ज्या खात्याला जोडलेलं आहे त्याच खात्यात पैसे जातात. ते खातं बंद पडलेलं जनधन असेल तर रक्कम परत फिरते. अर्ज भरण्याआधी बँकेत जाऊन आधार जोडणी तपासा.

पायरी २ : एक नव्हे, तीन पगार लिहा

बहुतेक घरांत हिशेब चुकतो तो इथे. उपजिल्हाधिकाऱ्याचा पगार डोळ्यांसमोर ठेवून कर्ज ठरवलं जातं. तसं करू नका. वहीत तीन ओळी करा: वर मनासारखं झालं तर, मध्ये मधलं काही मिळालं तर, आणि खाली परीक्षेत काहीच झालं नाही तर.

वरच्या आणि मधल्या ओळीचे आकडे सरकारी वेतनश्रेणीत छापलेले आहेत. उपजिल्हाधिकारी पदाचं मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होतं. पोलीस उपनिरीक्षक, राज्य कर निरीक्षक, सहायक कक्ष अधिकारी ३८,६०० पासून. तलाठी (आताचा ग्राम महसूल अधिकारी) २५,५०० पासून, लिपिक-टंकलेखक १९,९०० पासून. मूळ वेतनावर महागाई भत्ता आणि घरभाडे मिळतं, निवृत्तिवेतनाची कपात होते. २५,५०० मूळ वेतनाच्या माणसाच्या हातात सुरुवातीला साधारण ३५,००० च्या आसपास येतात. पोलीस शिपायाचं मूळ वेतन २१,७०० आहे आणि त्याला बारावी पुरते. ज्या मुलाचं खरं लक्ष्य पोलीस भरती आहे त्याने बी.ए.साठी शहरात खोली घेण्यात अर्थ नाही. गावी राहून मैदानी चाचणीची तयारी करावी आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी करत राहावी.

अध्यापनाचा मार्ग लांब आहे, पण राज्यशास्त्राला तो खराखुरा मार्ग आहे. एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा झाल्यावर सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० आहे. मात्र कायम जागा कमी निघतात आणि मधली अनेक वर्षं तासिका तत्त्वावर जातात. तासिकेचं मानधन फक्त घेतलेल्या तासांचं मिळतं. उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, परीक्षेचा महिना कोरडा जातो आणि बिलं तुंबतात. म्हणून तासिकेची कमाई मोजताना १२ महिन्यांनी गुणू नका, ८ ने गुणा. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर चित्र बदलतं. २०२३ पासून तिची रक्कम महिना ३७,००० रुपये आहे, आणि पीएच.डी.ची वर्षं त्यात कर्जाशिवाय जातात. कनिष्ठ महाविद्यालयात एम.ए.-बी.एड. लागतं आणि पहिली ३ वर्षं शिक्षण सेवक म्हणून महिना २०,००० मानधन मिळतं.

याच जागांसाठी ‘संस्थेला देणगी’ म्हणून लाखो रुपये मागितले जातात आणि त्यासाठी शेत विकलं जातं. त्या पैशाची पावती नसते. जागेला मान्यता मिळाली नाही तर ते परत मागता येत नाहीत. हा खर्च वहीत लिहायचाच नाही. ज्या नोकरीसाठी तो करावा लागतो ती नोकरी कमाईच्या रकान्यातूनही काढून टाका.

मुख्यमंत्री फेलोशिपचं आकर्षण सध्या मोठं आहे. विद्यावेतन चांगलं आहे, पण जागा ६० आणि मुदत एका वर्षाची. अनुभव म्हणून ती उत्तम आहे. १० वर्षांच्या हप्त्याचा आधार म्हणून ती धरता येत नाही. निवडणुकीच्या काळात सर्वेक्षण आणि प्रचार यंत्रणांत मिळणारं कामही तसंच हंगामी असतं.

खालची ओळ सर्वांत महत्त्वाची. परीक्षा न झालेला बी.ए. जळगाव-धुळ्यात मायक्रोफायनान्सच्या वसुलीत, विमा किंवा कर्जविक्रीत, शाळेच्या कार्यालयात, दुकानाच्या हिशेबात कामाला लागतो. हिशेबासाठी १२ ते १५ हजार धरा. त्यावर विश्वास बसत नसेल तर महाविद्यालयाच्या राज्यशास्त्र विभागातून ३ वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तुकडीतल्या १० जणांचे नंबर मिळवा. प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारा: आज काय करतो, महिन्याला हातात किती येतात, आणि घरचं किती कर्ज झालं. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात ज्यांचे फोटो आहेत त्यांना या १० जणांत घेऊ नका. आलेले दहा आकडे चढत्या क्रमाने लावा आणि तिसरा आकडा आपल्या खालच्या ओळीत लिहा.

पायरी ३ : हप्ता काढा

सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाचा काळ आणि पुढचं १ वर्ष हप्ता नसतो. बँकेत याला मोरेटोरियम म्हणतात. हप्ता नसतो म्हणजे व्याज नसतं, असा अनेकांचा समज होतो. व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं, फक्त ते सरळ व्याजाने बाजूला साठतं आणि हप्ता सुरू होताना मुद्दलात मिळवलं जातं.

१० टक्के दराने १ लाखाचा महिन्याचा हप्ता असा बसतो: ५ वर्षांत २,१२५ रुपये, ७ वर्षांत १,६६०, १० वर्षांत १,३२२, १५ वर्षांत १,०७५. हे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बँकेत बसल्या बसल्या हिशेब करता येतो.

तिसऱ्या वाटेचं साडेचार लाखांचं कर्ज घेऊ. दरवर्षी दीड लाख उचलले. पहिल्या दीड लाखावर ४ वर्षांचं व्याज ६०,०००, दुसऱ्यावर ३ वर्षांचं ४५,०००, तिसऱ्यावर २ वर्षांचं ३०,०००. मिळून १ लाख ३५ हजार. हप्ता सुरू होताना बाकी ५ लाख ८५ हजार असते. १० वर्षांच्या मुदतीत हप्ता साधारण ७,७३०, एकूण परतफेड सव्वानऊ लाखांच्या वर.

हेच व्याज शिकतानाच भरत गेलं तर बाकी साडेचार लाखच राहते आणि हप्ता ५,९५० होतो. महिन्याला जवळपास १,८०० वाचतात, १० वर्षांत २ लाख १४ हजार. शिवाय शिकताना व्याज भरणाऱ्याला त्या काळासाठी दरात १ टक्का सूट द्यायची तरतूद भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत आहे. ती आपोआप मिळत नाही, अर्जाच्या वेळीच विचारावी लागते. पहिल्या वर्षी व्याज महिना १,२५० च भरायचं असतं. ज्या घरात दुधाचे किंवा शिलाईचे पैसे महिन्याला येतात त्या घराने हे जरूर करावं.

आता चौथी वाट. दरवर्षी ५ लाख, ४ वर्षं, वर १ वर्ष. साठलेलं व्याज ७ लाख, बाकी २७ लाख, १५ वर्षांचा हप्ता २९,००० रुपये, एकूण परतफेड ५२ लाखांच्या पुढे. मधल्या ओळीतल्या तलाठ्याचा जवळजवळ पूर्ण पगार यात जातो. खालच्या ओळीला तर हा हप्ता अशक्यच आहे. घरात कर्जाशिवाय निम्म्याहून अधिक रक्कम नसेल तर राज्यशास्त्रासाठी ही वाट आम्ही सुचवत नाही, मग विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो.

कर्जाची कमाल मर्यादा ठरवायला सोपा नियम असा: खालच्या ओळीच्या पगाराच्या पंधरा टक्क्यांवर हप्ता जाऊ नये. १४,००० चे १५ टक्के २,१००. म्हणजे १० वर्षांच्या मुदतीत बाकी साधारण १ लाख ६० हजार. मोरेटोरियमचं व्याज वजा जाता मूळ उचल सव्वा लाखाच्या आसपास राहते. पहिल्या किंवा दुसऱ्या वाटेसाठी, घरचे काही पैसे घालून, हे पुरतं.

पायरी ४ : पदवीने कमाई किती वाढली ते बघा

पूर्ण पगार म्हणजे पदवीची कमाई नव्हे. बारावीनंतर लगेच कामाला लागला असता तर मिळाले असते ते पैसे त्यातून वजा करावे लागतात. बारावीवर १०,००० मिळाले असते आणि बी.ए.वर १४,००० मिळाले, तर पदवीची कमाई महिना ४,०००, वर्षाला ४८,०००. पहिल्या वाटेचा खर्च ७५,००० आणि ३ वर्षं बुडालेली मजुरी ३ लाख ६० हजार, मिळून ४ लाख ३५ हजार. ते भरून यायला ९ वर्षं लागतात. तिसऱ्या वाटेचा ७,७३० चा हप्ता तर ४,००० च्या वाढीतून निघतच नाही.

आकडा कडू आहे, पण त्याचा अर्थ राज्यशास्त्र घेऊ नका असा नाही. शिकताना पूर्ण वेळ रिकामा ठेवला नाही तर बुडालेली मजुरी निम्मी होते. बी.ए.चं वेळापत्रक त्यासाठी जागा देतं. दुपारनंतर सेतू केंद्रावर, शिकवणीत, मतदार नोंदणीच्या कामात, सर्वेक्षणात हात लावता येतो. शिवाय टायपिंगची परीक्षा, एमएस-सीआयटी, ज्याला जमेल त्याला पुढे ३ वर्षांचं एल.एल.बी., हे जोड दिले तर खालची ओळ वर सरकते. लिपिक-टंकलेखक पदाला टायपिंगचं प्रमाणपत्र लागतंच. ते पदवीनंतर नव्हे, दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात उरकावं.

पायरी ५ : बँकेत जाताना

अर्ज शैक्षणिक कर्जाच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा. ऑनलाइन अर्जाची नोंद राहते, तोंडी नकाराची राहत नाही. ४ लाखांपर्यंत तारण नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत सरकारच्या पत हमी योजनेत तारणाशिवाय कर्ज देता येतं. त्यावर तारण लागतं, आणि खान्देशातल्या घरांची गाडी इथे अडते. शेतजमीन सरफेसी कायद्याच्या (बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा कायदा) वसुलीत येत नाही, त्यामुळे बँका ती तारण घ्यायला सहसा तयार नसतात. बिगरशेती प्लॉट, शहरातलं घर, मुदत ठेव चालते. गावठाणातल्या घराचा नुसता नमुना ८ चा उतारा अनेक शाखांना पुरत नाही, मालमत्ता पत्रक असल्यास ते सोबत न्या.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतल्या प्रवेशाला तारण आणि जामीनदार लागत नाही. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरेटोरियमच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत आहे. संस्था यादीत आहे का, हे प्रवेशाआधी पाहा. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पूर्ण व्याजमाफी देणारी केंद्राची योजना तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. बी.ए. राज्यशास्त्राच्या हिशेबात ती धरू नका. राज्यात मुलींना पूर्ण फी माफी देणारा २०२४ चा निर्णयही व्यावसायिक अभ्यासक्रमांचाच आहे. शेजारच्या मुलीला इंजिनिअरिंगला मिळाली म्हणून आपल्याला मिळेल असं नसतं.

सोबत न्यायचे कागद: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, प्रवेशपत्र, महाविद्यालयाच्या लेटरहेडवर वर्षनिहाय खर्चाचं पत्रक, तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, पालक आणि विद्यार्थ्याचं आधार-पॅन, ६ महिन्यांचा खातेउतारा. खर्चाच्या पत्रकात फीबरोबर राहणं-जेवण, परीक्षा, प्रवास लिहून घ्या. बी.ए.ला हे फार महत्त्वाचं आहे, कारण पुस्तकं आणि लॅपटॉपसारख्या वस्तूंची मर्यादा एकूण शिक्षण शुल्काच्या २० टक्क्यांवर बांधलेली असते. शुल्कच काही हजारांचं, तर त्यातून लॅपटॉप निघत नाही. राहण्याचा खर्च कागदावर नसेल तर मंजूर रक्कम हास्यास्पद कमी येते आणि उरलेले पैसे बाहेरून उचलावे लागतात.

अर्ज अडकायचं नेहमीचं कारण वडिलांचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद. पीक कर्ज थकलेलं, एकरकमी तडजोडीत मिटवलेलं, किंवा कुणाच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलेलं, हे सगळं तिथे दिसतं. निकालाच्या आधीच, एप्रिल-मेमध्ये, अहवाल काढून बघा. फिटलेलं खातं उघडं दिसत असेल तर त्या बँकेचा निल (थकबाकी नसल्याचा) दाखला घेऊन दुरुस्ती करायला वेळ मिळतो. आईचं खातं स्वच्छ असेल तर सहकर्जदार म्हणून तिचं नाव द्यावं.

शाखेने ‘बी.ए.ला कर्ज देत नाही’ असं सांगितलं तर लेखी कारण मागा. मान्यताप्राप्त महाविद्यालयाची पदवी आदर्श योजनेत बसते, आणि अर्ज नाकारायला वरिष्ठ अधिकाऱ्याची संमती लागते. आधी बँकेच्या तक्रार विभागाकडे जा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनामूल्य करता येते.

आयकरात या कर्जाच्या व्याजाची वजावट ८ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करपद्धतीत. पगारावर कर लागतच नसेल तर तिचा उपयोग शून्य.

पायरी ६ : पदवीनंतरची वर्षं

इथे थोडं थांबून वाचा, कारण या भागात सर्वांत जास्त पैसे जातात. पुण्यात राहण्याचे महिना १२,००० म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार. ३ वर्षांचे ४ लाख ३२ हजार, वर क्लास, टेस्ट सिरीज आणि पुस्तकांचे १ लाख २० हजार. साडेपाच लाख. पदवीला ७५,००० लागले आणि तिच्यानंतर त्याच्या सातपट.

या खर्चाला बँकेचं शैक्षणिक कर्ज लागू होत नाही. क्लास हा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम नव्हे. त्यामुळे बाहेरचे दर मोजावे लागतात. २ लाखांचं वर्षाचं व्याज बघा: सोनेतारणावर १० टक्क्यांनी २०,०००, पतसंस्थेत १५ टक्क्यांनी ३०,०००, सावकाराकडे शेकडा ३ ने ७२,०००. शेकडा ३ हा आकडा ऐकायला लहान वाटतो कारण तो महिन्याचा आहे. वर्षाचे ३६ टक्के होतात आणि मुद्दल तसंच राहतं. विनापरवाना सावकारीची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. कोरा धनादेश किंवा जमिनीचं खरेदीखत लिहून देण्याची मागणी झाली तर त्या दारातून परत फिरा.

फीसाठी पीक कर्ज वापरायचा मोहही टाळा. वेळेत फेडल्यास ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज केंद्राची आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेची सवलत मिळून बिनव्याजी पडतं. ते पुण्याच्या खोलीत गेलं, मुदतीत फिरलं नाही, की सवलत जाते, खातं थकतं, आणि पुढच्या खरिपात बियाण्याला पैसे नसतात.

म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षात घरात बसून तीन गोष्टी लिहून ठेवा. एक, थांबण्याची तारीख. एमपीएससीला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आणि मागास प्रवर्गांची ४३ आहे. ती मर्यादा थांबण्याची तारीख म्हणून धरली तर पंधरा वर्षं जातात. दोन पूर्ण प्रयत्न, किंवा ३ वर्षं, यांपैकी जे आधी होईल ते. पूर्वपरीक्षाही दोनदा निघाली नाही तर पुण्याची खोली सोडायची. अभ्यास सोडायचा नाही, खोली सोडायची. दोन, पैशाची मर्यादा. एकूण किती, आणि त्यात उसने किती. तीन, शेजारची परीक्षा. राज्यसेवेच्या तयारीतच गट ब, गट क, तलाठी, बँक, कर्मचारी निवड आयोग यांचे अर्ज भरायचे. पहिली जी नोकरी मिळेल ती घ्यायची आणि पुढची तयारी पगारावर करायची. २५,५०० च्या श्रेणीत बसून केलेल्या अभ्यासाला व्याज लागत नाही.

पुण्याला जाण्याआधी फुकटचे मार्ग संपवा. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय या सरकारी संस्थांच्या प्रशिक्षण योजनांत फी माफ असते आणि अनेक तुकड्यांना विद्यावेतन मिळतं. निवड सामायिक परीक्षेने होते, म्हणून तिची तयारी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षीच करावी. नाशिकचं शासकीय भारतीय प्रशासकीय सेवा पूर्व प्रशिक्षण केंद्र खान्देशाला जवळचं आहे. पहिलं वर्ष जळगाव, धुळे, अमळनेर, शिरपूर अशा ठिकाणच्या अभ्यासिकेत घरून काढलं तर दीड लाख तिथेच वाचतात. पूर्वपरीक्षा एकदा निघाली की मुख्य परीक्षेपुरतं, ५-६ महिन्यांसाठी, पुण्याला जाण्यात अर्थ आहे.

पायरी ७ : हप्ता आणि हंगाम यांची गाठ

हप्ता दर महिन्याला कापला जातो. कपाशीचे पैसे दिवाळीपासून पुढच्या काही महिन्यांत येतात, केळीचे कापणीला, नंदुरबारच्या मिरचीचे हिवाळ्यात. नोकरी लागेपर्यंत घरातून हप्ता जाणार असेल तर एक वेगळं बचत खाते उघडा, ज्यातून फक्त हाच हप्ता कापला जाईल. कापूस विकला की त्याच दिवशी ६ हप्त्यांची रक्कम तिथे टाका. ७,७३० चा हप्ता असेल तर ४६,४००. व्यापाऱ्याकडून पैसे आले की आधी उधारी, मग लग्न, मग हप्ता, असा क्रम लागला की मे-जूनमध्ये खातं थकतंच.

एम.ए.ला प्रवेश घेतला तर मोरेटोरियम वाढवण्याचा अर्ज प्रवेशाच्या पावतीसह बँकेला लगेच द्या. नुसती स्पर्धा परीक्षेची तयारी हे मुदतवाढीचं कारण धरलं जात नाही, हप्ता ठरल्या तारखेला सुरू होतो.

हप्ता भरणं जमणार नाही असं दिसलं तर तो चुकण्याआधी शाखेत जा. मुदत १० वरून १५ वर्षं केली तर लाखामागे हप्ता १,३२२ वरून १,०७५ वर येतो. एकूण व्याज वाढतं, पण खातं जिवंत राहतं. ९० दिवस थकलं की खातं अनुत्पादक ठरतं. मग अडचण एकट्या विद्यार्थ्याची राहत नाही. सहकर्जदार म्हणून आईचं किंवा वडिलांचं नाव त्याच नोंदीत जातं आणि येत्या हंगामाचं पीक कर्ज अडतं. शाखेत जाताना मुलाला सोबत न्या, त्याच्या नोकरीच्या अर्जांच्या पावत्या न्या, आणि पुनर्रचनेचा अर्ज दोन प्रतींत करून एका प्रतीवर शाखेचा शिक्का घ्या.